वाटाण्याचा बकलावा

आंतेप, ११ मे १९८८

वक्कास,

तुझा डबा पोचला. सोनेरी पुठ्ठा, लाल फीत आणि झाकणावर बाबांचा फोटो. फोटो ओळखला मी. बाबांच्या खांद्याशी जो पांढरा तुकडा दिसतो ना, तो आपल्या गेलेल्या आईच्या डोक्यावरच्या रुमालाचा आहे. तिला कापून काढलंस आणि रुमालाचं टोक राहून गेलं. नुसतं झाकण बघूनच माझं डोकं तापलं, आतला माल तर अजून बघायचा होता.

फोनवरच बोलले असते, पण फोन दुकानात आणि फोनशेजारी दिवसभर बाबा. म्हणून लिहितेय. हे पत्र बायकोला दाखवू नकोस, त्या बिचारीचा यात काही दोष नाही.

दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून डबा उघडला. रोजा असल्यामुळे चव घेता येत नव्हती, पण वास घेतला. वक्कास, वास घेतल्यावर माणसानं पुन्हा एकदा झाकण बघून खात्री करावी की हा आपल्याच बापाचा फोटो आहे ना, असा तो वास होता. आणि रंग! कच्च्या पिस्त्याचा हिरवा मी लहानपणापासून बघतेय. तो उन्हात एक दिसतो, सावलीत एक. तुझ्या डब्यातला हिरवा सरकारी दवाखान्याच्या भिंतीचा होता, कुठूनही बघितला तरी तोच.

संध्याकाळी रोजा सोडायची तोफ झाली. बाबा खाली कारागिरांबरोबर जेवायला बसले होते. मी वर एकटी. खजूर खाल्ला, पाणी प्यायले आणि तुझा एक तुकडा नेहमीसारखा उलटा करून जिभेवर ठेवला. दात बसला तरी आवाज आला नाही. बकलाव्याला आवाज नाही! भिजलेला पुठ्ठा चावल्यासारखं झालं. मग ते आतलं पीठ जिभेला लागलं आणि मला कळलं काय आहे ते. वाटाणा. वाळवलेला, दळलेला, रंगवलेला वाटाणा, वर पिस्त्याचा कसलासा अर्क शिंपडलेला. दिवसभराचा रोजा मी तुझ्या वाटाण्यावर सोडला. हातावर थुंकले आणि चुळा भरत राहिले, तरी टाळ्याला ते हिरवं चिकटलेलं होतंच. खाली बाबा विचारत होते, "काय गं, उलट्या करतेयस की काय?" मी म्हटलं, "उन्हाचं पित्त झालंय."

आता मुद्द्याचं. तू भांडून इस्तंबूलला गेलास त्याला बारा वर्षं झाली. एवढ्या काळात बाबांनी तुझं नाव तोंडातून काढलं नाही. या वसंतात तू ओक्केश उस्तादांकडून निरोप पाठवलास, की ईदेला माझ्या हातचा बकलावा पाठवतो, बाबांनी एकदा खाऊन बघावा. झालं, म्हातारा विरघळला. ओक्केश उस्ताद हे बाजारातले सगळ्यांत जुने उस्ताद आणि बाबांचे दोस्त, त्यांच्यासमोर बाबा बोलून गेलेत, "पोराच्या हातचं खातो. हात शाबूत असेल तर दुकान त्याचं." तेव्हापासून रोज विचारतात, "पोराचा डबा आला का?"

तुझ्या हातचं खाऊन दुकान कुणाचं ते ठरणार आहे. आणि तू वाटाणा पाठवलास.

बाबांचा उजवा हात वाऱ्यानं गेल्यापासून दुकानात कोण लाटतंय ते तुला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. कारखान्यात बाईनं पाऊल ठेवायचं नाही, हा आजोबांनी घातलेला नियम अजून पाळला जातो. म्हणजे असा पाळला जातो, की पहाटे शटर खाली असेपर्यंत मी लाटायचं आणि शटर वर गेलं की मी घरात. जुमा आणि बाकीचे कारागीर माझ्या पाऱ्या परातीत अंथरतात, तूप सोडतात, भट्टीत घालतात. गिऱ्हाईक म्हणतं, "मेमिक उस्तादांचा हात अजून काय तयार आहे!" बाबा मान डोलावतात. मी वरच्या खिडकीतून ऐकते.

डब्याचं काय करायचं ते मी बघते. तू फक्त एवढंच लिहून कळव, की हे तू स्वतः केलंस की तुझ्या कारखान्यातल्या यंत्रानं. यंत्रानं केलं असेल तर मला जरा कमी किळस वाटेल.

नादिरे


आंतेप, २१ मे १९८८

वक्कास,

तुझं उत्तर वाचलं. "अब्ला, इथं लोकांना हिरवं दिसलं की पुरतं, चव कुणाला कळते?" थोरल्या बहिणीला हे लिहायला धजलास कसा रे? ज्या माणसानं एका पोत्यात चार खवट दाणे सापडले म्हणून अख्खं पोतं परत पाठवलं, त्याच्या पोटचा तू. लाज कोळून प्यायला आहेस.

डबा मी शेजारच्या शेरिफेच्या कोंबड्यांना घातला. कोंबड्यांनी वरवर चोच मारली आणि पाठ फिरवली. शेरिफे म्हणाली, "अगं, माझ्या कोंबड्या साबणसुद्धा खातात!" हे खोटं लिहीत नाही.

आता पुढचं नीट वाच. रिकामा सोनेरी डबा मी धुऊन पुसून ठेवला आणि ईदेच्या आदल्या दिवशी त्यात माझा बकलावा भरला.

बाबांच्या तोंडात वाटाणा जाऊ देणं मला शक्य नव्हतं, म्हणून केलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोळ्यांत मोतीबिंदू, एक हात लुळा, उरलीय ती जीभ. त्या जिभेवर स्वतःच्या मुलानं रंगवलेला वाटाणा ठेवला असता तर ते जेवणावरून उठले नसते. तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस.

माझा हात ओळखू येऊ नये म्हणून मी मुद्दाम वाकडं वागले. आपण कापतो तसे तिरके काप न करता चौकोन केले. पाक पेलाभर जास्त ओतला. चांगली कुरकुरीत परात समोर वाफाळत होती आणि मी तिच्यावर जास्तीचा पाक ओतत होते. तोंडात थुंकी जमली माझ्या, स्वतःचीच शिसारी आली.

ईदेची नमाज करून बाबा आले, ओक्केश उस्तादही बरोबर. टेकायच्या आधीच, "आला का डबा?"

"आला, बाबा."

"दे."

मी डबा बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांना आता माणसाची नुसती सावली दिसते. बोटानं झाकण चाचपत म्हणाले, "हे काय आहे?"

"तुमचा फोटो आहे."

"कसा दिसतो?"

"रागावलेला."

"मग माझाच आहे."

ओक्केश उस्ताद हसून हसून खोकायला लागले. बाबांनी तुकडा उलटा केला, जिभेवर ठेवला, दात बसवला. आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. पाकाची एवढी दुर्दशा करूनही पारी वाजली. त्या क्षणी मला बरं वाटलं, हे कबूल करते. मग बाबा सावकाश चावत म्हणाले, "चौकोनी कापलाय."

"इस्तंबूलला तसंच कापतात म्हणे."

"पाक सढळ आहे."

"तिकडं गोड जास्त लागतं."

"हं." आणखी एक तुकडा घेतला. मग बाबांनी बोटं चाटली आणि ओक्केश उस्तादांकडं तोंड करून म्हणाले, "पोरगा पिकला, ओक्केश. जूनच्या शेवटी त्याच्या कमरेला उस्तादाचा पेश्तमाल बांधू. तू चार उस्तादांना सांग."

ओक्केश उस्ताद तोंडात दोन तुकडे कोंबून म्हणाले, "बांधू की! हात विसरला नाही हो पोरानं. रक्तातच असतं ते."

रक्तात असतं म्हणे! मी तिथंच उभी होते, कॉफीचे पेले घेऊन. तोंड उघडलं असतं तर वाटाण्याचं सगळं सांगावं लागलं असतं. स्वयंपाकघरात येऊन मोरीवर वाकले. खरंच ओकले या वेळी, पित्ताचं निमित्त न सांगता.

म्हणजे माझ्या हातानं मी तुला दुकान दिलं. आता एकच कर. बाबांना फोन कर आणि सांग, बाबा, माझा इस्तंबूलचा पसारा मोठा आहे, मला जमणार नाही, दुकान अब्लाला द्या. एवढं एक वाक्य. तुला दुकान नकोच होतं ना कधी? म्हणून तर पळालास. ते वाक्य बोललास तर वाटाणा मी पोटात ठेवीन, कुणाला कळणार नाही.

नादिरे


आंतेप, ९ जून १९८८

"माझी सोन्यासारखी अब्ला" अशी सुरुवात बघितली तेव्हाच मी सावध झाले. कुणी मला सोन्यासारखी म्हटलं की पुढच्या ओळीत काम असतं.

तर दुकान तुला हवंय. "आंतेपचा मूळ कारखाना" असं डब्यावर छापता येईल, मालाला उठाव येईल, हे तू मोकळेपणानं लिहिलंस, त्याबद्दल तुझं कौतुकच करायला हवं. वाटाणा आंतेपच्या पत्त्यानं विकायचा. आणि वर मला विनंती, की समारंभाच्या दिवशी उस्तादांपुढं ठेवायची परात मी करून मागच्या दारानं आत पोचवावी, "ईदेला केलीस तशी". मी ते पत्रात लिहिलं याचा आता पश्चात्ताप होतोय. तुझ्या हाती कोलीत दिलं.

परात मी करणार नाही. तुझा बाप उस्ताद, आजोबा उस्ताद, तू उस्ताद व्हायला निघालास, तर परात तू कर. विसरला असशील तर घे, लिहून देते. जवळ कारागीर असतील तर त्यांनाही वाचून दाखव.

कणीक पीठ, अंडी, मीठ आणि पाणी यांची. तिंबायची ती कानाच्या पाळीसारखी मऊ होईपर्यंत. कानाला हात लावून बघ, तुझी अजून मऊ असेल, आईनं लहानपणी पुरेशी पिळली नाही. गोळे करून ओल्या फडक्याखाली झोपू द्यायचे. मग गव्हाचं सत्त्व. नुसतं भुरभुरवायचं नाही, पाऱ्या एकीवर एक रचताना मधे मधे असं पसरायचं की चिकटूही नये आणि दिसूही नये. आणि लांब लाटण्याभोवती गुंडाळून सगळ्या एकदम लाटायच्या. जोर मनगटाचा नाही, तळहाताच्या मुळाचा. खोलीत सत्त्वाचं धुकं होतं, ते नाकातोंडात जातं, खोकत खोकत लाटायचं. पारी उचलून दिव्याकडं धरली की पलीकडं उभ्या माणसाच्या मिशा मोजता आल्या पाहिजेत. मधे भोक पडलं तर ती पारी खालच्या थरात जाते, आणि लाटणारा मान खाली घालतो. तू नेहमी भोकं पाडायचास आणि ती वरच्या थरात लपवायचास. बाबांनी तुझ्या बोटांवर लाटणं मारलं होतं त्यावरून. आठवतं का?

पिस्ता ऑगस्टच्या आधी उतरवलेला, अर्धा कच्चा, बारीक. रवा घालून आटवलेलं दूध मधे चमच्यानं. तूप उर्फाकडचं, मेंढीचं, कढवून वरचा फेस काढलेलं. भट्टीला ओकाचं लाकूड. आणि परात बाहेर आली रे आली की उकळता पाक तिच्यावर. दोन्ही उकळती हवीत. परात बोलली पाहिजे त्या वेळी, तडतड झाली पाहिजे. थंड पाक ओतलास की पारी बसली, मेली. इस्तंबूलला बहुतेक तुम्ही मेलेलीच विकता.

हे सगळं मी बारा वर्षं केलंय. त्यातली पहिली नऊ वर्षं बाबांच्या शेजारी उभं राहून, ते "तूप कमी, तूप जास्त" म्हणतायत, आणि पुढची तीन त्यांच्याऐवजी. तू निघून गेलास त्या सकाळी बाबांनी लाटणं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तात्पुरतं गं."

तुझी लायकी तू दाखव. मी दाराआडून बघेन.

नादिरे


आंतेप, २७ जून १९८८

वक्कास,

काल तू समारंभात होतास. पण तुझी मान खालीच होती, म्हणून तुला जे दिसलं नाही ते सांगते.

आधी सकाळचं. तू अजून बसमध्ये होतास. बाबांनी मला खाली बोलावलं. शटर बंद होतं, भट्टी पेटलेली. म्हणाले, "नादिरे, आज एक परात कर. पोरगा प्रवासानं दमून येईल. नेहमीसारखी कर हं, चौकोन नकोत."

मी म्हटलं, "कसले चौकोन?"

"ईदेला केलेस ते. आणि पाकही पेलाभर जास्त ओतलास. मला काय जीभ नाही?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"बारा वर्षं तुझ्या हातचं खातोय, पोरी. झाकण उघडल्याबरोबर कळलं. पोराच्या डब्यात काय होतं?"

"वाटाणा."

बाबांनी तोंड असं केलं जसं कुणी त्यांच्या ताटात खेकडा ठेवलाय. मग तोंडावरचा तो भाव पुसल्यासारखा गेला. म्हणाले, "वाटाणा? शी! शिकेल, शिकेल."

"मग ओक्केश उस्तादांसमोर 'पोरगा पिकला' म्हणालात ते?"

"म्हणालो. पाटीवर मुलाचं नाव लागतं, नादिरे. हात कुणाचा का असेना. मेमिकचा मुलगा वक्कास, वक्कासचा मुलगा त्याच्यापुढं. मुलीचं नाव कुणी लावलंय आजवर? आणि तू आहेसच की घरात. कुठं जाणार आहेस?"

हे त्यांनी मायेनं म्हटलं, वक्कास. हात चाचपून माझ्या गालावर फिरवत म्हटलं. त्या हाताला तुपाचा वास येत होता. लहानपणापासून तो वास मला जगात सगळ्यांत आवडायचा. काल पहिल्यांदा मला मान मागं घ्यावीशी वाटली.

तरी मी परात केली. भट्टी तापलेली, कणीक झोपलेली, आणि माझे हात माझ्याआधी कामाला लागतात. शिवाय मनात एक आशा होती. पेश्तमाल बांधायच्या आधी उस्तादांच्या डोळ्यांसमोर एक पारी लाटावी लागते, असा रिवाजच आहे. परात कुणाचीही असो, पारी तुलाच लाटावी लागणार होती. माझी सगळी मदार ओक्केश उस्तादांच्या डोळ्यांवर होती.

तर दाराच्या फटीतून दिसलं ते असं. पाचही उस्ताद भिंतीशी बसलेले. तुझ्या पायात ते चकचकीत बूट, त्यांच्यावर सत्त्व उडू नये म्हणून तू लांबून वाकून लाटत होतास. जुमानं डोळे मिटून घेतले. तुझी पारी उचलून ओक्केश उस्तादांनी दिव्याकडं धरली. मधोमध मुठीएवढं भोक. त्या भोकातून मला त्यांचं अख्खं तोंड दिसलं, मिशांसकट. आणि त्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. त्यांना माहीत होतं. बाजूच्या चौघांकडं बघितलं, त्यांनाही माहीत होतं. सगळे आपापल्या टोप्या सारख्या करत होते.

ओक्केश उस्तादांनी पारीची घडी घातली, भोक आत गेलं. "माशाल्ला," ते म्हणाले. "प्रवासाचा शीण आहे."

"माशाल्ला, माशाल्ला," चौघेही म्हणाले.

मग तुझ्या कमरेला पेश्तमाल बांधला, तू त्यांचे हात चुंबलेस, ते कपाळाला लावलेस. आणि मग सगळे माझ्या परातीवर तुटून पडले. तूप हनुवटीवरून ओघळतंय, बोटं चाटतायत, मिटक्या मारतायत, "वाहवा वक्कास उस्ताद!" कोपऱ्यातल्या त्या जाड्या उस्तादांनी तर चार तुकडे रुमालात बांधून घेतले.

मला जी किळस आली ती तुझी नव्हती. तुझी मे महिन्यात येऊन गेली. पाच म्हातारे, जन्म गेला पिस्ता आणि तुपात, कुणी पेलाभर पाक जास्त ओतला तर परात उलटी करणारे. त्यांना भोक दिसलं आणि त्यांनी ते घडीत घातलं. बाबा मधोमध बसलेले, ऐकून हसतायत. इतका घाणेरडा समारंभ मी आयुष्यात पाहिलेला नाही. वाटाणा परवडला. वाटाण्याला निदान आपण वाटाणा आहोत हे तरी माहीत नसतं.

परात संपायच्या आत मी वर गेले, दोन जोडी कपडे आणि माझी लाटणी घेतली आणि शेरिफेकडं आले. तिला म्हटलं, "पुढची खोली देशील का?" तिनं विचारलंही नाही का ते. कोंबड्या मागं हाकलल्या आणि झाडू हातात दिला.

बाबांची रक्तदाबाची गोळी नाश्त्याच्या आधी असते. विसरतात, आणि घेतली म्हणून खोटं सांगतात. जीभ उचलायला सांग, खाली लपवलेली सापडेल. रात्री पायांना गरम फडकं लागतं. पहाटे शटर खाली असताना कोण लाटणार ते वक्कास उस्तादांनी ठरवावं.

नादिरे


आंतेप, २१ जुलै १९८८

वक्कास,

जुमाच्या हाती पाठवलेली तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तिसऱ्यात तू रडल्याचं लिहिलंयस. असेल.

गिऱ्हाइकं माल परत आणतायत, हे मला तू सांगायला नको, अख्खा बाजार सांगतोय. इस्तंबूलहून हिरव्या पिठाची पोती आली, तीही जुमानं सांगितली. पोतं उतरवताना त्याला शिंका आल्या म्हणे. निजिपच्या ज्या बागवाल्यांनी तीस वर्षं बाबांना पिस्ता घातला त्यांना तू या वर्षी नको म्हणून कळवलंस. बाबांना हे ठाऊक आहे का? असेल. घडीत घालायची सवय लागली की सुटत नाही.

मी परत यावं, "पूर्वीसारखं", म्हणतोस. पहाटे शटर खाली असताना. नाही.

एक गंमत सांगते. तुझे ओक्केश उस्ताद मागच्या आठवड्यात शेरिफेच्या दारी आले. टोपी हातात. म्हणाले, "पोरी, तुझा हात वाया जातोय. माझ्या कारखान्यात ये. पहाटे ये, मागच्या दारानं, कुणाला कळणार नाही. तुझा मान ठेवीन."

मी म्हटलं, "उस्ताद, मागच्या दारानं कचरा जातो."

"अगं, बाईमाणसाला बाजारात—"

"आणि त्या दिवशी पारीला भोक होतं की नव्हतं?"

उस्तादांनी टोपी डोक्यावर चढवली. पायरी उतरताना कोंबडीवर पाय पडला त्यांचा, दोघंही ओरडली.

आता माझं. शेरिफेच्या पुढच्या खोलीला रस्त्याकडं खिडकी आहे. मी खिडकी सताड उघडी ठेवून लाटते, दिवसाउजेडी. परात डोक्यावर घेऊन गल्लीच्या भट्टीवर जाते आणि पाक तिथंच, भट्टीच्या तोंडाशी ओतते. पहिल्या दिवशी लोक बघायला थांबले, माकडाचा खेळ बघावा तसे. पोरांनी खडे मारले. एक जण म्हणाला, "बाईच्या घामाचा बकलावा आम्ही खात नाही." मी म्हटलं, "बारा वर्षं खाल्लास, आता कशाला लाजतोस?" त्याची बायको दुसऱ्या दिवशी भांडं घेऊन आली. खिडकीवर पाटी नाही. भट्टीवाल्यानं खडूनं भिंतीवर 'नादिरे' एवढंच लिहिलंय, हिवाळ्यातला पाऊस येईपर्यंत टिकेल.

काल कुर्बानीच्या ईदेच्या खरेदीची रांग होती, कोपऱ्यापर्यंत. आणि रांगेत बाबा. जुमाचा हात धरून उभे होते. लोक म्हणत होते, "उस्ताद, तुम्ही पुढं व्हा." ते हलले नाहीत. मी बघितलं आणि लाटत राहिले. एक पारी फाटली, ती खालच्या थरात घातली.

त्यांची पाळी आली. "कोण आहे?" मी विचारलं, दिसत असूनही.

"गिऱ्हाईक."

बशीत एक तुकडा दिला. त्यांनी उलटा केला, जिभेवर ठेवला. रांगेतली माणसं बोलायची थांबली. आवाज सगळ्यांना ऐकू आला. बाबा चावत राहिले. तोंडावर काहीच दिसू दिलं नाही. मग मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना जाईल असं, "कणकेत मीठ कमी पडलंय."

कमी पडलं नव्हतं. मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. आजवर असं बोलले की मी मान खाली घालायचे आणि दुसऱ्या दिवशी मीठ वाढवायचे.

"आवडलं नसेल तर थुंका, बाबा," मी म्हटलं. "हा माझ्या नावाचा आहे. तुमच्या नावाला धक्का लागणार नाही. थुंका."

ते तसेच उभे. गाल फुगलेला, जबडा थांबलेला. मला वाटलं, आता थुंकतात. जुमा म्हणाला, "उस्ताद, चला." बाबांनी त्याचा हात झटकला आणि गिळलं. मग बशी पुढं केली.

मी म्हटलं, "मागं माणसं उभी आहेत."

त्यांनी रिकामी बशी खिडकीच्या कडेवर चाचपून ठेवली, काठी उचलली, आणि भिंतीला हात लावत लावत एकटेच रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

नादिरे